ऑफिसचा फोन-सर्व्हर बदलताना: रेकॉर्डिंग, मराठी घोषणा आणि सेटिंग्ज नव्या मशिनवर नेण्याचा अनुभव

नाशिकला शरणपूर रोडवर आमचं ऑफिस आहे. द्राक्ष बागायतदारांना खतं-औषधं पुरवायची आणि फोनवर सल्लाही द्यायचा, असं दुहेरी काम. ऑगस्ट २०२५ मध्ये आम्ही जुना फोन-सर्व्हर, म्हणजे ऑफिसचे सगळे कॉल सांभाळणारा कॉम्प्युटर, काढून नवा बसवला. साडेआठशे जीबी आवाज आणि सगळ्या सेटिंग्ज इकडून तिकडे न्यायच्या होत्या. मी टेलिफोनचा इंजिनिअर नाही, बिलिंग आणि स्टॉकचे कॉम्प्युटर सांभाळतो. नवा सर्व्हर कोरा बसवायचा कसा याची माहिती भरपूर मिळते. पण रोज वाजणारा, मराठीत बोलणारा सर्व्हर हलवायचा कसा, हे मला एका जागी कुठे सापडलं नाही. म्हणून घडलं त्या क्रमाने लिहितोय.

आधी एक सांगतो, की या रेकॉर्डिंगसाठी एवढा जीव का टाकला. आमच्याकडे 'सल्ल्यासाठी दोन दाबा' म्हटल्यावर जो कॉल लागतो तो रेकॉर्ड होतो, आणि तशी सूचना सुरुवातीलाच दिली जाते. निर्यातीची बाग असेल तर कोणतं औषध, किती प्रमाण आणि काढणीच्या किती दिवस आधी फवारणी थांबवायची, यावर शेतकऱ्याचं वर्षाचं उत्पन्न अवलंबून असतं. अपेडा या केंद्राच्या निर्यात संस्थेच्या ग्रेपनेट प्रणालीवर नोंदवलेल्या बागांच्या मालाचे नमुने अवशेष तपासणीला जातात. तिथे काही निघालं तर 'तुमच्या माणसाने काय सांगितलं होतं?' हा प्रश्न येतो आणि तो यायलाच हवा. त्याचं उत्तर त्या रेकॉर्डिंगमध्ये असतं.

जुनं मशिन २०२० च्या सुरुवातीला बसवलेलं. अ‍ॅस्टरिस्क हे कॉल जोडणारं सॉफ्टवेअर, त्यावर त्याच्या सेटिंग्ज स्क्रीनवरून करू देणारं फ्रीपीबीएक्स १५, खाली सेंटओएस ७ ही ऑपरेटिंग सिस्टिम. सेंटओएस ७ ची अद्ययावत दुरुस्ती ३० जून २०२४ ला थांबली, म्हणजे त्यानंतर सापडलेलं कोणतंही भोक बुजणार नव्हतं. तरी आम्ही वर्षभर ढकललं. मे महिन्यात, खरड छाटणीचे फोन ओसरत असताना, डिस्कच्या तपासणीत खराब सेक्टरचा आकडा दर आठवड्याला वाढताना दिसला. मग मात्र सरांनी स्वतःच विचारलं, 'ऑक्टोबरच्या आत होईल का?' गोड्या छाटणीच्या दिवसांत आमच्या फोनला उसंत नसते. सटाणा-बागलाणकडच्या अर्ली बागांचे फोन तर त्याआधीच सुरू होतात. त्यामुळे फोन पूर्ण बंद ठेवता येईल असा दिवस वर्षात जवळपास नसतोच.

जूनमध्ये कोटेशनं मागवली. सगळं क्लाउडवर नेऊन देतो म्हणणाऱ्यांचा आकडा दरमहा प्रत्येक एक्स्टेंशनमागे (ऑफिसातल्या प्रत्येक अंतर्गत नंबरमागे) होता आणि जुनी रेकॉर्डिंग आणण्याबद्दल त्यात एक अक्षर नव्हतं. शेवटी मशिन आम्हीच घ्यायचं ठरवलं. छोटा सर्व्हर ४६ हजार, आरशासारख्या एकमेकींची प्रत ठेवणाऱ्या २ टीबीच्या दोन एसएसडी मिळून २३ हजार, आणि सेटिंग्ज तपासायला शहरातला एक जाणकार तंत्रज्ञ १८ हजार अधिक १८ टक्के जीएसटीवर. तंत्रज्ञाला कामाचा आदेश देताना 'जुनी रेकॉर्डिंग नव्या रिपोर्टमधून शोधून ऐकता आली पाहिजेत' असं वाक्य मी लेखी घातलं. असं वाक्य तुम्हीही जरूर घाला. 'डेटा ट्रान्सफर' एवढंच लिहिलं तर फाइल कॉपी झाली की काम संपलं असं धरलं जातं.

नवं मशिन जुलैच्या पहिल्या आठवड्यात आलं. त्यावर डेबियन १२ ही ऑपरेटिंग सिस्टिम आणि फ्रीपीबीएक्स १७ टाकलं. पण कॉपीला हात लावण्याआधी, आवाज नक्की कुठे कुठे आहे याची यादी केली आणि इथेच सगळ्यात जास्त शिकायला मिळालं.

आवाज चार ठिकाणी होता. कॉल रेकॉर्डिंग 'मॉनिटर' नावाच्या फोल्डरमध्ये, वर्ष-महिना-तारीख अशा उपफोल्डरांत. व्हॉइसमेल वेगळ्या फोल्डरमध्ये, प्रत्येक एक्स्टेंशनचा आपला कप्पा, आणि प्रत्येक आवाजाच्या फाइलसोबत कोणाचा फोन, कधी आला हे सांगणारी एक छोटी मजकुराची फाइल. ती मागे राहिली तर निरोप राहतो, पण कोणाचा ते कळत नाही. तिसरं, होल्डवरचं संगीत. चौथं, आमच्या घोषणा: 'नमस्कार, आपलं स्वागत आहे' पासून 'आज कार्यालयाला सुट्टी आहे' पर्यंत.

कॉल रेकॉर्डिंगचं खरं दुखणं वेगळंच. फाइल म्हणजे रेकॉर्डिंग नव्हे. फोल्डरमध्ये तारीख, वेळ आणि नंबर जोडून बनलेलं लांबलचक नाव असतं, ते माणसाने शोधायचं म्हटलं तर दिवस जातो. आपण स्क्रीनवर नंबर टाकतो आणि समोर प्लेचं बटण येतं, ते कॉलच्या नोंदींच्या डेटाबेसमुळे. तिथल्या प्रत्येक ओळीत रेकॉर्डिंगच्या फाइलचं नाव लिहिलेलं असतं आणि कॉलच्या तारखेवरून सिस्टिम फोल्डर ओळखते. डेटाबेस न आणता नुसत्या फाइल आणल्या तर साडेआठशे जीबी आवाज मुका. फाइल न आणता डेटाबेस आणला तर नुसती बटणं. दोन्ही आणून तारखेचा हिशेब चुकला तरी तेच.

याच कारणाने एक मोह टाळला. आमची रेकॉर्डिंग साध्या वेव्ह प्रकारात होती. ८ किलोहर्ट्झ, १६ बिट, एक चॅनेल. म्हणजे सेकंदाला १६ हजार बाइट, मिनिटाला जवळपास १ एमबी. ती एमपीथ्री केली तर जागा कितीतरी वाचते, असं सुचवलं गेलं. पण तसं केलं की फाइलचं नाव बदलतं आणि डेटाबेसमधल्या लाखो ओळींशी त्याची फारकत होते. हलवताना फक्त हलवावं. आकार कमी करायचा असेल तर नंतर, वेगळा दिवस ठरवून.

सगळं न्यायचं की नाही, हाही प्रश्न होता. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम २०२३ चा रोख असा, की माहिती ज्या कामासाठी घेतली ते काम संपलं की ती जपत बसू नये. लेखा विभागातल्या काकांचं म्हणणं, एकही फाइल पुसू नका, कधी काय लागेल सांगता येत नाही. माझं म्हणणं, विक्रीच्या चौकशीचे पाच वर्षांपूर्वीचे कॉल कशासाठी? दोघांनी मिळून एक पानाची टिपणी केली: सल्ल्याची रेकॉर्डिंग सगळी न्यायची, विक्रीची दोन वर्षांपलीकडची सोडून द्यायची, आणि सोडलेल्यांची यादी छापून फाइलला लावायची. सरांची सही घेतली. ही सही आधी घ्या, कारण पुसून झाल्यावर घेतलेल्या परवानगीला अर्थ नसतो. एवढं करूनही आकडा फारसा उतरला नाही. सल्ल्याचे कॉलच लांब असतात, साडेआठशेतले सातशेच्या वर उरले.

कॉपी जुलैच्या मधल्या दिवसांत सुरू केली. फोन ज्या स्विचला जोडलेत तो १०० एमबीपीएसचा, आणि जुन्या मशिनला नेटवर्कचं तोंड एकच. अशा वेगाने सेकंदाला ११ एमबीच्या वर काही जात नाही. त्यात दिवसा कॉपी चालवली तर चालू कॉलचा आवाज तुटतो. म्हणून आरसिंक या फाइल कॉपी करणाऱ्या प्रोग्रामला वेगाची मर्यादा घालून रात्री नऊ ते पहाटे साडेचार एवढीच मुभा दिली, कारण पहाटे पाचपासून बागेत निघालेल्या माणसांचे फोन सुरू होतात. आठवड्याच्या वर हे चाललं. आरसिंकचा फायदा असा, की अर्धवट थांबवून दुसऱ्या दिवशी पुन्हा लावलं तरी तो राहिलेलंच नेतो. पाच वर्षांचा ढीग असा हळूहळू आधी पोचवून ठेवला, म्हणजे शेवटच्या दिवशी फक्त ताजे कॉल उरतील.

काही फाइल वाचताना डिस्क अडखळली. खराब सेक्टर. त्यातल्या काही परत परत वाचून मिळाल्या, काही मिळाल्या नाहीत. त्या कॉलची यादी केली, कोणाचे होते ते पाहिलं आणि सल्लागारांना दिली. वाईट वाटलं. मेऐवजी आदल्या वर्षी हललो असतो तर त्या मिळाल्या असत्या, असं तिथे बसलेल्या प्रत्येकाच्या मनात आलं.

दरम्यान कागदपत्रांची वेगळीच वारी चालू होती. बाहेरची लाइन सिप ट्रंकवर (नेटवर्कवरून येणाऱ्या फोनलाइनवर) आहे आणि ती देणाऱ्या कंपनीचा राउटर आमच्या ऑफिसात आहे. सर्व्हर बदलतोय, त्या दिवशी तुमच्या राउटरचं जुन्या मशिनशी असलेलं बंधन मोकळं करून द्या आणि तोवर कॉल मोबाइलवर वळवा, एवढीच मागणी. त्यासाठी २१ जुलैला लेटरहेडवर अर्ज दिला. सोबत जीएसटी प्रमाणपत्र, ओळखपत्राची प्रत, सही-शिक्का. अर्ज परत आला. त्यांच्या नोंदीत प्राधिकृत स्वाक्षरीदार म्हणून आमचे जे भागीदार होते ते केव्हाच निवृत्त झालेत. मग सगळ्या भागीदारांच्या सहीचं नवं अधिकारपत्र, त्याची नोंद, त्यानंतर पुन्हा मूळ अर्ज. मंजुरी यायला ऑगस्टचा दुसरा आठवडा उजाडला. तुमची लाइन कोणाच्या नावावर आणि कोणाच्या सहीवर आहे, हे मशिन विकत घेण्याआधी पाहून घ्या.

सेटिंग्जचा भाग त्यामानाने सुसह्य. फ्रीपीबीएक्समध्ये बॅकअप घेऊन नव्या मशिनवर तो उघडता येतो. एक्स्टेंशन, रिंग ग्रुप, रांगा, वेळेचे नियम, आयव्हीआर ('दोन दाबा' म्हणणारा मेनू) बरोबर आले. दोन गोष्टी मात्र हाताने कराव्या लागल्या. आमचे फोन सर्व्हरला चॅन-सिप या जुन्या पद्धतीने जोडलेले होते आणि अ‍ॅस्टरिस्कच्या २१ व्या आवृत्तीपासून ती काढूनच टाकलीय. सगळी एक्स्टेंशन पीजेसिप या नव्या पद्धतीवर नेली, पोर्ट ५०६० आणि पासवर्ड तेच ठेवले, त्यामुळे टेबलावरच्या एकाही फोनला हात लावावा लागला नाही. दुसरं, कोणीतरी पूर्वी हाताने लिहिलेल्या काही ओळी 'मॅक्रो' ही जुनी आज्ञा वापरत होत्या. तेही २१ पासून नाही. तंत्रज्ञाने त्या 'गोसब' या तिच्या जागच्या आज्ञेत लिहून दिल्या. फायरवॉल, ईमेल पाठवण्याची सोय, रात्री आपोआप चालणारी कामं हे बॅकअपमधून येईल असं धरूच नका. जुन्या मशिनसमोर बसून एकेक लिहून घ्या.

आणि आता मराठी आकडे. आमच्या रांगेत थांबलेल्याला 'आपला क्रमांक पाचवा आहे', 'अंदाजे बारा मिनिटं लागतील' असं सांगितलं जातं. इंग्रजीत ट्वेंटी आणि फाइव्ह या दोन तुकड्यांतून पंचवीस बनवता येतात. मराठीत ते चालत नाही. पंचवीस वेगळा, पस्तीस वेगळा, पंचेचाळीस वेगळा. त्यामुळे शून्यापासून शंभरापर्यंत प्रत्येक आकड्याची स्वतंत्र फाइल लागते. २०२० मध्ये आमच्या रिसेप्शनच्या ताईंनी त्या सगळ्या आपल्या आवाजात रेकॉर्ड करून दिल्या होत्या. 'एकोणसाठ' आणि 'एकोणसत्तर' फोनच्या अरुंद आवाजातही वेगळे कळावेत म्हणून किती काळजी घेतलीय, ते ऐकल्यावर लक्षात येतं.

हा फोल्डर बॅकअपमध्ये आलाच नाही. स्क्रीनवरून अपलोड केलेल्या घोषणा आल्या, पण आकड्यांचा फोल्डर तेव्हा कोणीतरी थेट मशिनवर ठेवला होता, त्यामुळे फ्रीपीबीएक्सच्या लेखी तो नव्हताच. चाचणीत रांग लावली आणि मराठी वाक्याच्या मधोमध इंग्रजी आकडा बोलला, तेव्हा कळलं. जुन्या मशिनवरून तो फोल्डर आणि आकडे कसे बोलायचे त्या नियमांची फाइल, दोन्ही आणली. म्हणून सांगतो, दोन्ही मशिनवरच्या आवाजाच्या सगळ्या फोल्डरांची यादी काढून शेजारी शेजारी ताडून पाहा. बॅकअप यशस्वी झाल्याचा संदेश म्हणजे त्याला जे माहीत होतं ते आलं, इतकंच.

ताईंकडून दोन नव्या घोषणाही करून घेतल्या. मोबाइलवर केलेलं रेकॉर्डिंग तसंच टाकलं तर सर्व्हर गप्प बसला. ८ किलोहर्ट्झ, एक चॅनेल, १६ बिट असं सॉक्स या आवाजाच्या फाइल बदलणाऱ्या प्रोग्रामने करून घेतल्यावर वाजली. आणि कॉपी केलेल्या फाइलींची मालकी 'अ‍ॅस्टरिस्क' या वापरकर्त्याकडे आहे ना, तेही बघा. नाहीतर फाइल समोर दिसते पण वाजत नाही.

वेळेचंही सांगायला हवं. नवं मशिन यूटीसीवर होतं, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. तसंच राहिलं असतं तर सकाळी दहाला फोन करणाऱ्याला 'कार्यालय बंद आहे' ऐकू आलं असतं, आणि पहाटे पाचचा कॉल आदल्या दिवसाच्या फोल्डरमध्ये गेला असता. वेळ एशिया-कोलकाता करून, मग डेटाबेस भरला.

प्रत्यक्ष बदल १५ ते १७ ऑगस्टला. शुक्रवारी स्वातंत्र्य दिन, शनिवारी गोपाळकाला, मग रविवार. झेंडावंदन झालं, कॉल सल्लागारांच्या मोबाइलवर वळवले आणि कामाला लागलो. जुन्या मशिनवर फोनसेवा थांबवली, शेवटचा आरसिंक, कॉलच्या नोंदींच्या डेटाबेसची शेवटची प्रत, ती नव्यावर चढवली. शनिवारी सकाळी जुनं बंद करून त्याचाच आयपी नव्याला दिला. आयपी तोच ठेवला की फोनना काही कळत नाही आणि ते येऊन जोडले जातात. आमचेही जोडले गेले. बाहेरची लाइन मात्र आली नाही. राउटरने जुन्या मशिनचा हार्डवेअर पत्ता धरून ठेवला होता, आणि ते बंधन मोकळं करायची मंजुरी कागदावर असली तरी सुट्टीच्या दिवशी ते करणारा माणूस मिळेना. तक्रार क्रमांक घेतला, दर तासाने फोन केला. संध्याकाळी सातच्या सुमारास लाइन आली. तो दिवसभराचा ताण आठवला की अजून पोटात गोळा येतो. मोबाइलवर वळवलेले कॉल चालू होते म्हणून निभावलं.

रविवारी चाचण्या. आमचा आवाज शेतकऱ्याला जात होता, त्याचा आम्हाला येत नव्हता. असं एकतर्फी झालं की बहुतेक वेळा नॅटकडे, म्हणजे आतल्या-बाहेरच्या पत्त्यांच्या अदलाबदलीकडे, बघायचं असतं. सर्व्हर समोरच्याला आपला आतला पत्ता सांगत होता. बाहेरचा आयपी आणि आतलं नेटवर्क सेटिंगमध्ये नीट भरलं, आवाजाचे यूडीपी १०००० ते २०००० पोर्ट फायरवॉलमध्ये तपासले, आणि मार्ग मोकळा झाला. दिंडोरीच्या एका ओळखीच्या बागायतदार दादांना फोन करायला सांगितलं. ते म्हणाले, 'आवाज पहिल्यापेक्षा स्वच्छ येतोय, पण तुमच्या ताई त्याच आहेत ना?' त्याच आहेत म्हटलं.

नंतर पडताळणी. प्रत्येक फाइलचा चेकसम (फाइलमधल्या मजकुरावरून निघणारा तपासणीचा आकडा) दोन्हीकडे काढून जुळवला. डेटाबेसमध्ये नाव आहे पण फाइल नाही, आणि फाइल आहे पण नाव नाही, अशा दोन याद्या काढल्या. पहिल्या यादीत विक्रीचे सोडलेले आणि डिस्कने गिळलेले कॉल होते. ४४ बाइटच्या फाइल दिसल्या तर घाबरू नका. वेव्हचा नुसता मथळा तेवढा असतो, आत आवाज नसतो, कॉल लागता लागता तुटलेला असतो. मग सल्लागारांना बसवून प्रत्येक वर्षातले, वेगवेगळ्या हंगामांतले कॉल स्क्रीनवरून शोधून ऐकायला सांगितले. ही तपासणी त्यांनीच करावी, कारण रेकॉर्डिंग त्यांना लागणार आहेत आणि कोणता कॉल कोणत्या बागेचा हे त्यांनाच ओळखू येतं.

१८ ऑगस्टला, सोमवारी, पहाटेपासून फोन नेहमीसारखे सुरू झाले. पहिल्या आठवड्यात एक-दोन फोनची रिंग उशिरा वाजण्याची तक्रार आली, ती स्विच एकदा बंद-चालू केल्यावर गेली. सप्टेंबरमध्ये निफाडच्या एका शेतकऱ्याने आदल्या हंगामात डाऊनी रोगासाठी सांगितलेल्या फवारणीबद्दल विचारलं. सल्लागाराने नंबर टाकला, जुना कॉल उघडला आणि नेमकं प्रमाण वाचून दाखवलं. त्याला सर्व्हर बदललाय हे माहीतही नव्हतं.

जुनं मशिन बंद करून स्टोअरमध्ये ठेवलंय. त्याच्या डिस्कवर शेतकऱ्यांचे आवाज आणि नंबर आहेत, म्हणून ते भंगारवाल्याला द्यायचं नाही, असं टिपणीत लिहिलंय. मार्चअखेरचं ऑडिट झालं की डिस्क पूर्ण पुसायची, आणि ई-कचरा नियम २०२२ प्रमाणे नोंदणीकृत पुनर्वापर करणाऱ्याकडे देऊन त्याची पावती त्याच फाइलला लावायची.